एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी: तपासणी तिसऱ्या महिन्यात की कळा सुरू झाल्यावर?

चोपडा-यावलकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. रिपोर्ट सासरीच राहिले, तर तपासणी थेट कळा सुरू झाल्यावर. तेव्हाही ती करावीच: बाळाला २४ तासांच्या आत हेपॅटायटिस बीची लस आणि एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध देता येतं.

पण तिसऱ्या महिन्यात कळलं तर हाताशी सहा महिने असतात. उपचारांविना एचआयव्ही आईकडून बाळाला जाण्याचा धोका १५ ते ४५ टक्के. वेळेत औषधं घेतली तर ५ टक्क्यांच्याही खाली. दोन्ही विषाणू असले तरी टेनोफोव्हिर हे औषध दोघांवर चालतं, फक्त रातोरात नाही. मी लवकर तपासणीच्याच बाजूची. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत होते. हेपॅटायटिस बीचं मात्र वेगळं विचारा, त्याच चिठ्ठीत ते असेलच असं नाही.