अमेरिकेचं मत, पत्ता कोथरूड: साडेतीन तारे

सेवा: परदेशी राहणाऱ्या अमेरिकी नागरिकांचं टपाली मतदान. राज्य न्यू जर्सी, निवडणूक 5 नोव्हेंबर 2024.

एकोणीस वर्षं तिकडे काढून आम्ही कोथरूडला परतलो. पासपोर्ट अमेरिकेचा. ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) पुण्यात फ्लॅट घेता येतो, मत देता येत नाही. तिकडचं मत मात्र शाबूत आहे.

त्यासाठी 'फेडरल पोस्टकार्ड अर्ज' भरायचा. पोस्टकार्ड फक्त नावात, असते ती पीडीएफ. तिकडचा शेवटचा पत्ता लिहायचा, सही करायची, मतपत्रिका ईमेलने हवी की टपालाने ते सांगायचं. गोम अशी की हा अर्ज दर वर्षी जानेवारीत नव्याने भरलेला बरा. 2022 मध्ये मी विसरले. त्या वर्षी परदेशातल्या मतदारांपैकी जेमतेम 3.4 टक्क्यांनी मत दिलं, म्हणजे विसराळूंत मी एकटी नव्हते. अर्धा तारा इथेच कापला.

मतपत्रिका 45 दिवस आधी पाठवायचं कायद्याचंच बंधन आहे. माझी आली ती ऐन पितृपक्षात. सासूबाई म्हणाल्या, "सर्वपित्री होऊ दे, मग दे काय ते." थांबले.

मग प्रिंट. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने माझी गुप्त मतपत्रिका स्क्रीनभर मोठी करून विचारलं, "कलर का ब्लॅक अँड व्हाइट?" मागे रांगेत इंजिनिअरिंगची तीन पोरं. तिघांनीही राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची यादी वाचली, एकाने मला सल्लाही दिला. कायमचं परतलेल्यांना फक्त राष्ट्राध्यक्ष आणि संसदेची दोन सभागृहं, सिनेट आणि हाउस, एवढंच मिळतं, त्यामुळे काम दोन पानांत आटोपलं. ईमेलने पाठवायचं तर गुप्ततेचा हक्क सोडतो असं लिहून द्यावं लागतं, आणि वर मूळ कागद टपालानेही धाडायचा. एक तारा गेला.

"पण हे कोणीही भरून पाठवेल की!" इति आमचे हे. मलाही तसंच वाटायचं. आठवड्याभराने काउंटीची, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याची, ईमेल आली: सही जुळत नाही. इथल्या बँकेच्या केवायसीपायी माझी लांबलचक सही आखूड झाली होती, आणि तिकडे कोणीतरी दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. फॉर्म भरला, ओळखपत्र जोडलं, पुन्हा सही केली. वैताग आला, पण त्या अनोळखी कारकुनाबद्दल आदरही वाटला. त्याच ऑक्टोबरात परदेशी मतपत्रिकांत घोटाळा होईल या भीतीने खटले भरले गेले. मिशिगन आणि पेन्सिल्वेनियातले खटले न्यायाधीशांनी फेटाळले. माझ्या अनुभवात तरी खोट्याने आत शिरण्यापेक्षा खऱ्यालाच आत शिरताना जास्त घाम फुटला.

घरबसल्या मत देण्यावर आमच्या सोसायटीत नाकं मुरडतात. 13 मे 2024 रोजी लोकसभेला सुट्टी होती, बूथ शाळेत, चालत पाच मिनिटं, तरी पुणे मतदारसंघ साडेत्रेपन्न टक्क्यांच्या आसपासच अडकला. तिकडे 1845 च्या कायद्याने मंगळवार ठरलाय, देशभर सुट्टी नाही, नावनोंदणीही अनेक ठिकाणी आपली आपणच करायची. तरी 2024 मध्ये साधारण 64 टक्के झालं. अध्यक्षपदाची निवडणूक नसली की मात्र घसरतं. 2014 मध्ये 37 च्याही खाली होतं.

मतपत्रिका कुठवर पोचली ते वेबसाइटवर दिसतं, ही सोय झकास. दिवाळीच्या फराळात 'स्वीकारली' असं झळकलं.

20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. सासूबाईंना घेऊन मिसळ खायला गेलो. शाईचं बोट दाखवणाऱ्याला दहा टक्के सूट होती. त्यांनी बोट दाखवलं, मी फोनवरचं 'स्वीकारली' दाखवलं. गल्ल्यावरच्या काकांनी चष्मा वर करून नीट वाचलं आणि माझ्या मिसळीचे पूर्ण पैसे लावले.