जुन्या ऑइल पेंटवर पाण्याचा इनॅमल : नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत दारं-खिडक्या रंगवून घेतल्या, आता नोव्हेंबर उजाडला. एक उन्हाळा आणि साताऱ्याचा एक अख्खा पावसाळा झाला, म्हणून आता लिहिते. नुसत्या रंगाबद्दल लिहिलं तर अर्धंच होईल. आमचा खरा प्रश्न रंगाच्या खाली होता : जुन्या ऑइल पेंटच्या थरांतलं शिसं, जे लहान मुलांना विषारी असतं.

घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. सागवानी चौकटी, खिडक्यांना गज, आणि दर दहा-बारा वर्षांनी चढलेला ऑइल पेंटचा नवा थर. लेक चौदा महिन्यांची झाली आणि माजघरातल्या खिडकीला धरून उभी राहायला लागली. एक दिवस पाहिलं तर ती खिडकीच्या फळीवर दात घासत होती. ओठाला पिवळा पोपडा चिकटलेला.

त्याच आठवड्यात लाकडापर्यंतचे सगळे थर येतील असा एक तुकडा खरवडून पुण्याला प्रयोगशाळेत पाठवला. वरवरचा पोपडा पाठवून उपयोग नसतो, कारण शिसं बहुधा खालच्या थरांत असतं. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आमच्या तुकड्याचा आकडा हजारांत आला. पिवळ्या आणि केशरी ऑइल पेंटमध्ये तो पिवळेपणा लेड क्रोमेटचा असायचा, म्हणून भडक रंगांची शंका आधी घ्यावी.

लेकीच्या रक्ताची तपासणी केली. १ डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसं निघालं तर त्याचा उगम शोधून तो बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिचा आकडा त्याच्या खाली आला. तो अहवाल हातात येईपर्यंतचे चार दिवस मी नीट जेवले नाही. ५ च्या खाली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. शिशाची सुरक्षित पातळी अशी ठरलेलीच नाही. लहान मुलाच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट अंगात मुरतं, आणि शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवून ठेवतं.

आता काम. आमच्या रंगारीकाकांची पद्धत ठरलेली : ब्लो लँपने रंग जाळायचा, पत्रीने खरवडायचा, मग कोरडा पॉलिश पेपर. काका पन्नास वर्षं हेच करत आलेत. पण जाळला की शिशाचा धूर होतो आणि कोरडा घासला की पीठ उडतं. ते पीठ दिसतही नाही आणि सगळ्या घरभर बसतं. म्हणजे वर्षानुवर्षं गुमान बसलेला रंग आपणच मोकळा करायचा. मी त्यांना म्हटलं, "काका, पोरीसाठी सांगते, पाणी मारून करू." त्यांनी ऐकलं, आणि शेवटपर्यंत नाकावरचा मास्कही काढला नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं. लेकीला घेऊन मी तीन आठवडे माहेरी राहिले. खोलीत प्लास्टिक अंथरलं, वॉटर पेपर ओला ठेवूनच घासला, केरसुणी बंद, रोज साबणाच्या पाण्याने पुसणं.

सगळं खरवडायचं नाही हेही तेव्हाच ठरवलं. जे घासतं ते काढायचं. खिडकीची झडप चौकटीला प्रत्येक वेळी घासते आणि दर वेळी थोडी धूळ पाडते, म्हणून झडपा बदलूनच टाकल्या. फळी लाकडापर्यंत साफ केली. गज आणि वरच्या चौकटी घट्ट होत्या, त्यावर नुसता ओला वॉटर पेपर फिरवून अस्तर (प्रायमर) दिलं.

जुन्या झडपा बंबात घालायच्या म्हणून सासूबाईंनी परसात रचून ठेवल्या होत्या. त्यांना समजावून सांगितलं, कारण शिसं धुरात जातं तसं राखेतही राहतं, आणि बंबाच्या राखेनेच आमच्याकडे भांडी घासत. त्यांनी एकही फळी जाळू दिली नाही.

आता रंग. पाण्याचा इनॅमल घेतला, म्हणजे टर्पेंटाइनऐवजी पाण्याने पातळ होणारा. डब्यावर शिशाचं प्रमाण लिहिलेलं पाहून घ्या. 'वास कमी' या शब्दांचा शिशाशी संबंध नाही, ती वेगळी गोष्ट आहे. ग्रिलवाल्याकडून रंगवून आलेली ग्रिल घेताना मात्र जास्त सावध राहा, कारण औद्योगिक रंग या नियमात येत नाहीत. केशरी अस्तर म्हणजे सगळं शिशाचंच असंही नव्हे : रेड ऑक्साइड हा लोखंडाचा, पण रेड लेड म्हणजे आपला शेंदूर, तो शिशाचाच.

टिकाव चांगला आहे. पांढरी दारं जराही पिवळी पडलेली नाहीत, ऑइल पेंट एवढ्यात पडला असता. हळदीचे हात ओल्या फडक्याने निघतात. चकाकी ऑइल पेंटपेक्षा कमी. हाताला तासाभरात सुकतो, पण पुरता कडक व्हायला आमच्याकडे महिना लागला. त्या महिन्यात स्वयंपाकघराचं दार चौकटीला चिकटून रंगाची एक पट्टी उपटली गेली. नंतर कडांना टाल्कम पावडर लावली, मग नाही चिकटलं. एका चौकटीवर घाईत अस्तर न देता थेट रंगाचे दोन हात मारले होते. तिथला रंग दुसऱ्याच महिन्यात नखाने सालीसारखा निघाला, आणि खालचा जुना थर पुन्हा उघडा पडला. जुन्या ऑइल पेंटवर धरून राहणारं अस्तर इथे वगळू नका, सगळी सुरक्षितता त्यावरच आहे. बाहेरच्या ग्रिलच्या सांध्यांवर पावसाळ्यात गंजाचे ठिपके आले. तिथे गंज रोखणारा प्रायमर आधी हवा होता.

माडीवरच्या दोन खिडक्या पैशांअभावी राहिल्यात. त्या खोलीला कडी लावलेली असते, दर रविवारी मी ओल्या फडक्याने फळ्या पुसते आणि ते फडकं वेगळं धुते. पुढच्या फेब्रुवारीत काका परत येणार आहेत.