सात महिने लोशनऐवजी साधं तेल: कोरड्या त्वचेवरचा माझा अनुभव

नडगीवरून नख फिरवलं की पांढरी रेघ उठायची. अंघोळ होऊन दहा मिनिटं झाली की पायांची कातडी ताणल्यासारखी वाटायची आणि रात्री पांघरुणात शिरलं की खाज सुरू. लोशन लावत होते, पण हातापायांना रोज दोनदा पुरेसं लावायचं म्हटलं तर बाटली बघता बघता तळाला जाते. मग आपोआप हात आखडता घेतला जातो. थोडंसं लावायचं, फरक पडला नाही की वेगळं लोशन आणायचं, असं माझं दोन वर्षं चाललं होतं. सात महिन्यांपूर्वी ठरवलं, की एकच घटक असलेलं, बिनवासाचं साधं तेल वापरून बघायचं आणि काय होतं ते वहीत लिहून ठेवायचं. हा अनुभव त्या वहीवरून लिहिते आहे.

पहिले दोन आठवडे वाया गेले. मी पूर्ण कोरड्या अंगावर, संध्याकाळी कधीतरी, भरपूर तेल चोळत होते. पाय चकाकायचे, कपड्यांना चिकटायचे आणि सकाळी कातडी होती तशीच. मग जरा वाचलं आणि माझी चूक लक्षात आली: तेलात पाणी नसतं. ते त्वचेला ओलावा देत नाही, आत असलेला ओलावा उडून जाण्याचा वेग कमी करतं. त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. त्यातल्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये चुन्यासारखे भरलेले असतात ते स्निग्ध पदार्थ: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं (फॅटी ॲसिड). हा चुना साबणाने, गरम पाण्याने किंवा वयाने कमी झाला की फटी पडतात आणि आतलं पाणी बाहेर उडून जातं. तेल त्या फटी बुजवतं, उचकटलेल्या पेशींच्या कडा खाली बसवतं. पण त्या वेळी त्वचेत पाणीच नसेल तर अडवणार काय?

म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून क्रम बदलला. अंघोळ झाली की पंच्याने घासून पुसायचं नाही, फक्त टिपायचं. अंग दमट आहे तोवर, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, तळहातावर तेलाचे थेंब घ्यायचे, दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे आणि मग पायांवरून वरून खाली फिरवायचे. दोन्ही नडग्यांना मिळून आठ-दहा थेंब पुरतात. हे वाचून विश्वास बसणार नाही, मलाही बसला नव्हता. पण ओल्या त्वचेवर तेल झटकन पसरतं, त्यामुळे कोरड्या त्वचेवर लागतं त्याच्या निम्म्यातही भागतं आणि पाच मिनिटांनी चिकटपणा जवळजवळ उरत नाही. त्या आठवड्याच्या शेवटी वहीत लिहिलं आहे: 'रात्री खाज नाही. सलग चौथा दिवस.'

आता कोणतं तेल, हा प्रश्न. मला वाटायचं सगळी तेलं सारखीच, वास आणि चिकटपणा तेवढा कमीजास्त. तसं मुळीच नाही.

मी सुरुवात ऑलिव्ह तेलाने केली, कारण त्याची ख्याती मोठी. पायांना ते ठीक वाटलं, पण हातांच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, महिनाभरात त्वचा लालसर आणि खरखरीत झाली. माझ्या पायांची कातडी जाड, हातांची नाजूक, म्हणून असेल असं वाटलं. पुढे शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा 2013 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचनात आला. त्यांनी प्रौढ स्वयंसेवकांच्या हातावर पाच आठवडे, दिवसातून दोनदा ऑलिव्ह तेलाचे थोडेसे थेंब लावले होते. त्वचेचा वरचा थर त्याने कमकुवत झाला आणि काहींना सौम्य लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने मात्र त्या थराला धक्का लागला नाही. कारण तेलाच्या घडणीत आहे. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं, साधारण 55 ते 83 टक्के, आणि ते आम्ल विटांमधला तो चुना विस्कळीत करतं. औषधं त्वचेतून आत पोचवायला ओलेइक आम्लाचा उपयोग करतात तो याच गुणामुळे. ज्या त्वचेचा बांध आधीच फुटलाय तिला हे नको. माझी बाटली मी तिथेच थांबवली आणि दोन आठवड्यांत हातांची लाली गेली. मोहरीच्या तेलाकडे मी वळलेच नाही, कारण उंदरांवरच्या प्रयोगात त्याने त्वचेची भरून येण्याची गती मंदावलेली दिसली होती.

त्यानंतरचे चार महिने उजव्या पायाला सूर्यफूल आणि डाव्या पायाला खोबरेल, असा प्रयोग चालवला. हा भाग मला सर्वांत आवडला, कारण एकाच माणसाचे दोन पाय, एकच पाणी, एकच साबण, एकच हवा. फरक दिसला तर तो तेलाचाच.

सूर्यफुलाचं तेल पातळ, पसरायला सोपं आणि वास जवळजवळ नाही. त्यातलं लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल खरं कामाचं. आपलं शरीर ते स्वतः बनवू शकत नाही आणि त्वचेतल्या काही महत्त्वाच्या सिरॅमाइडमध्ये ते गुंफलेलं असतं. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकन शास्त्रज्ञ जोडप्याने 1929 साली उंदरांना स्निग्ध पदार्थ अजिबात नसलेला आहार दिला, तेव्हा त्यांच्या कातडीला आणि शेपटीला खवले धरले. अशी मेदाम्लं शरीराला बाहेरूनच मिळावी लागतात, हे तिथून कळलं. मात्र बाटलीवर 'हाय ओलेइक' असं लिहिलेलं सूर्यफुलाचं तेलही मिळतं. त्यात गणित उलटं असतं, लिनोलेइक कमी आणि ओलेइक जास्त. मी एकदा न वाचता तेच आणलं होतं. आता बाटली हातात घेतली की आधी तो शब्द शोधते.

खोबरेल अगदी वेगळ्या जातीचं. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि साधारण 24 अंशांच्या खाली ते गोठतं. थंडीत बोटाने खरवडून घ्यायचं, तळहाताच्या उबेवर वितळू द्यायचं आणि मग लावायचं. विस्तवावर तापवायची काही गरज नाही. लावल्यावर त्वचा लगेच मऊ लागते, सूर्यफुलापेक्षाही लवकर. कोरड्या त्वचेच्या 34 रुग्णांवर 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुद्ध खोबरेल आणि खनिज तेल (मिनरल ऑइल) दोन आठवडे, दिवसातून दोनदा लावून पाहिलं, तर दोन्हींचा गुण सारखाच आला. खोबरेलाला जंतूंना थोडं आवरण्याचा गुणही आहे, त्यामुळे खाजवून खाजवून ओरखडे पडलेल्या त्वचेला ते बरं.

माझ्या दोन पायांचं सांगायचं तर, पहिल्या महिन्यात डावा पाय जास्त मऊ होता. तिसऱ्या महिन्यानंतर उजवा पाय पुढे गेला: एखाद्या दिवशी तेल लावायचं राहिलं तरी त्यावर पांढरी रेघ उठत नव्हती, डाव्यावर उठायची. एका माणसाचा अनुभव म्हणूनच हे घ्या. पण मला रोजच्यासाठी सूर्यफूल आणि कडक थंडीच्या रात्रींसाठी खोबरेल, असं ते वाटून गेलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. तेल सुरू केलं त्याच सुमारास मी साबणही बदलला होता. नेहमीची साबणाची वडी अल्कधर्मी असते, तिचा सामू (pH) 9 ते 10 च्या घरात, आणि त्वचेचा साधारण 5. रोज पायांना साबण फासणं बंद केलं, फक्त काखा, जांघा आणि तळपायांना लावू लागले, पाणीही कोमट केलं. मग गुण कशाचा? चौथ्या महिन्यात दोन आठवडे मुद्दाम जुना साबण आणि कढत पाणी पुन्हा सुरू केलं, तेल तसंच ठेवून. पाचव्या दिवशी खाज परत आली. म्हणजे निम्मं श्रेय साबण सोडण्याला आहे, आणि त्याला तर काहीच खर्च नाही. तेल लावूनही त्वचा कोरडीच राहते असं कुणी म्हणालं की मी आधी अंघोळीबद्दल विचारते.

खर्चाचं म्हणाल तर माप असं: दोन्ही हात आणि दोन्ही पाय मिळून मला दिवसाला जेमतेम 3 मिली तेल लागतं. 100 मिलीची बाटली महिनाभर पुरते. तेवढ्याच अंगाला लोशन मी कितीतरी जास्त घेत असे, आणि लोशनमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. खर्चाची धास्ती गेल्यामुळे मी रोज, न चुकता लावायला लागले, आणि कोरड्या त्वचेला हे सातत्यच हवं असतं.

जिथे तेल हरलं तेही सांगते. टाचांच्या भेगांवर त्याचा काही उपयोग झाला नाही. तिथली कातडी इतकी जाड आणि मेलेली असते की वरून तेल चोपडून ती फक्त चकाकते. शेवटी युरिया असलेली मलम आणावी लागली. युरिया पाणी धरून ठेवतो आणि जाड थर सैल करतो, हे दोन्ही तेलाला जमत नाही. हातांचंही तसंच. दिवसातून पंधरा वेळा पाण्यात जाणाऱ्या हातांवर तेल टिकत नाही. तिथे पेट्रोलियम जेली सरस. ती त्वचेतून उडणारं पाणी 98 टक्क्यांपर्यंत अडवू शकते, इतर तेलं ढोबळमानाने 20 ते 30 टक्के. रात्री बोटांना जेली आणि वर सुती हातमोजे, एवढ्याने माझ्या बोटांच्या चिरा भरल्या. तीही स्वस्तच आहे, त्यामुळे ती सोडून तेलाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

चेहऱ्यावर मी दहा दिवस खोबरेल लावलं आणि कपाळभर बारीक पुटकुळ्या उठल्या, भुवयांत कोंडा झाला. त्वचेवर राहणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी मेदाम्लांवरच जगते आणि बहुतेक वनस्पती तेलं तिला खाद्य पुरवतात. ज्यांना मुरुम किंवा कोंड्याचा त्रास आहे त्यांनी तेल मानेच्या वर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

तेल खवट होतं, याचा मी आधी विचारच केला नव्हता. सूर्यफुलाची मोठी बाटली न्हाणीघराच्या खिडकीत, उन्हात ठेवली होती. तिसऱ्या महिन्यात तिला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागला. लिनोलेइक आम्ल जेवढं जास्त तेवढं तेल हवेने आणि उजेडाने लवकर बिघडतं, आणि असं बिघडलेलं तेल त्वचेला चुरचुरतं. ती बाटली टाकून दिली. आता गडद रंगाच्या छोट्या बाटलीत महिन्यापुरतं काढते, तिच्यावर तारीख लिहिते आणि बाकीचं कपाटात अंधारात ठेवते. खोबरेलाचं हे दुखणं फार कमी.

आणि फरशी. एकदा न्हाणीघरातच उभ्याने तेल लावलं, दोन-चार थेंब खाली सांडले, आणि माझ्यामागून आत गेलेल्या आईचा पाय सरकला. नळाला धरून ती सावरली, पण माझ्या छातीत धस्स झालं. तेव्हापासून मी खोलीत खुर्चीवर बसून, पायाखाली जुना टॉवेल घेऊन लावते आणि लगेच मोजे घालते. घरात वयस्कर माणूस असेल तर हे अजिबात विसरू नका. तो टॉवेल आणि चादरी वरचेवर धुवायच्या, विस्तवापासून आणि पेटत्या सिगारेटपासून लांब ठेवायच्या. तेल मुरलेलं कापड पटकन पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये त्वचेला लावायच्या सगळ्याच स्निग्ध पदार्थांबाबत असा इशारा दिला होता.

नवीन तेल आणलं की मी आठवडाभर फक्त कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहते. शेंगदाणा, तीळ, बदाम यांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी ती तेलं टाळावीत. लॅव्हेंडर, टी ट्री असली सुगंधी अर्क तेलं ही निराळी गोष्ट आहे. ती तीव्र असतात आणि त्यांचीच ॲलर्जी पुष्कळांना होते, ती थेट अंगाला लावू नयेत. त्वचा चिघळलेली असेल, पाणी सुटत असेल, नायटा किंवा घामोळं असेल तर तेल नको. तान्ह्या बाळासाठी डॉक्टरांनाच विचारावं. आणि महिनाभर नीट लावूनही खाज जात नसेल तर डॉक्टरांकडे जाच: थायरॉइड, मूत्रपिंड, मधुमेह यांतही त्वचा अशी कोरडी पडते.

सध्या आईच्या पायांनाही सूर्यफूल सुरू केलं आहे. तिची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे, म्हणून चोळत नाही, तळहात नुसता टेकवत नेते, दमट पायांवर सहा थेंब. तिसरा आठवडा चालू आहे. काल तिने झोपताना पाय खाजवले नाहीत.