शिकाऊ हातासाठी सॉफ्ट पेस्टल: रेम्ब्रांटच्या अर्ध्या कांड्या आणि तीन कागद

सॉफ्ट पेस्टल शिकायला घेणारा माणूस बहुतेक वेळा खडूंवर हात सैल सोडतो आणि कागद मात्र घरात असेल तो वापरतो. व्हायला हवं नेमकं उलट. मध्यम दर्जाचा खडू चांगल्या कागदावर झकास चालतो, पण उत्तमातला उत्तम खडूही गुळगुळीत ड्रॉइंग पेपरवर दुसऱ्या-तिसऱ्या थराला घसरायला लागतो. म्हणून हे परीक्षण खडूंच्या पेटीचं असलं तरी निम्मी जागा कागदाने खाल्ली आहे.

शाळेच्या दप्तरात असतात ते ऑईल पेस्टल वेगळे. त्यांत तेल आणि मेण असतं, ते चिकटतात, त्यांची भुकटी उडत नाही. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्य, भरणीची पांढरी माती आणि कांडी जेमतेम धरून ठेवेल इतकाच डिंक. दोन्ही एकाच चित्रात वापरू नयेत. तेलकट थरावर कोरडा खडू नीट बसत नाही.

रेम्ब्रांट हे रॉयल टॅलेन्स या डच कंपनीचे खडू. पूर्ण कांड्यांच्या पेट्या दिसायला छान, पण शिकणाऱ्याने अर्ध्या कांड्यांची ३० रंगांची पेटी घ्यावी. एकतर तेवढ्याच खर्चात जवळपास दुप्पट रंग मिळतात. दुसरं म्हणजे, पेस्टलचं निम्मं काम कांडी आडवी धरून तिच्या कुशीने करायचं असतं. त्यासाठी पूर्ण कांडी शेवटी मोडावीच लागते, आणि कोरा करकरीत खडू मोडायला नवशिक्याचा हात धजत नाही. मग तो पेन्सिलीसारखा टोकाने रेघा ओढत बसतो आणि चित्र केसाळ दिसतं. अर्धी कांडी हा प्रश्नच ठेवत नाही.

या खडूंची क्रमांकपद्धत समजून घेण्यासारखी आहे. रंगाच्या क्रमांकापुढे आणखी एक आकडा येतो. तो ५ असेल तर रंग शुद्ध, ३ असेल तर त्यात काळा मिसळलेला, आणि ७, ८, ९, १० म्हणजे चढत्या प्रमाणात पांढरा. सुटी कांडी मागवताना रंगाचं नाव सांगून भागत नाही, हे दोन्ही आकडे लागतात. शिवाय रंग किती टिकेल त्यासाठी अधिकच्या (+) खुणा असतात. तीन खुणा म्हणजे संग्रहालयातल्या प्रकाशात किमान १०० वर्षं, दोन म्हणजे २५ ते १०० वर्षं. सरावाला याने फरक पडत नाही, पण भिंतीवर लावायच्या चित्रात गुलाबी-जांभळे घेताना खुणा पाहून घ्याव्यात.

हाताला हे खडू मध्यम मऊ लागतात, आणि शिकताना हा गुणच आहे. सेनेलियेसारखे लोण्यागत मऊ खडू एका फटक्यात इतका रंग सोडतात की कागदाचे खळगे पहिल्याच थरात भरून जातात. उलट न्यूपास्टेल किंवा काँतेच्या चौकोनी कांड्या कडक. रेखाटनाला आणि पहिल्या थराला उत्तम, पण वर ठसठशीत उजेड द्यायला दुबळ्या. रेम्ब्रांट मधोमध पडतात, पहिल्या थरालाही चालतात आणि शेवटच्यालाही ओढून नेतात. सगळ्या कांड्या एकसारख्या मऊ मात्र नसतात. रंगद्रव्य बदललं की खडूचा पोत बदलतो, हे कुठल्याही कंपनीच्या बाबतीत खरं. एखादी कांडी कागदावर नुसती खरवडत असेल तर तिचं टोक बारीक सँडपेपरवर घासावं. वरची कडक साय निघते आणि कांडी चालू लागते.

पेटीची खरी कमतरता गडद रंगांची. सर्वसाधारण निवडीच्या जवळपास सगळ्याच पेट्यांत ती असते. त्यात पेस्टलचा पृष्ठभाग कोरडा आणि भुकटीचा, प्रकाश तिथे सगळीकडे विखुरतो, त्यामुळे तोच गडद निळा तैलरंगात जितका खोल दिसतो तितका इथे दिसत नाही. पेटी हातात आली की चित्र काढण्याआधी हे करावं: प्रत्येक कांडीचा २ सेंटिमीटरचा चौकोन एका पट्टीवर भरायचा, शेजारी क्रमांक लिहायचा (अर्ध्या कांडीवर चिठ्ठी नसते, पेटीतली जागा चुकली की क्रमांक हरवला), मग पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करायचा. तीसपैकी बरेचसे चौकोन मधल्या राखाडीत एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. लाल आणि हिरवा डोळ्याला कितीही वेगळे वाटले तरी उजेड-अंधाराच्या हिशोबात सख्खे भाऊ निघतात. चित्र सपाट का दिसतं याचं उत्तर त्या फोटोतच मिळतं.

आता कागद.

कॅन्सनचा मी-टांत हा चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा, लगद्यातच रंगवलेला कागद. सहज मिळतो, रंग भरपूर, सरावाला परवडतो. याच्या दोन बाजू वेगळ्या आहेत. एका बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखी ठळक नक्षी, दुसरीकडे बारीक दाणा. नक्षीच्या बाजूवर आडवी कांडी फिरवली की ठिपक्याठिपक्यांची जाळी उमटते आणि चेहऱ्यावर, फळावर ती शेवटपर्यंत डोकावत राहते. बारीक बाजू वापरावी. प्रकाशात कागद तिरपा धरला की बाजू कळते. हा कागद साधारण तीन-चार थर झेलतो, त्यापुढे खडू नुसता सरकतो. पांढरा मुळीच घेऊ नये. मधल्या राखाडी किंवा मातकट रंगाच्या कागदावर उजेड आणि सावली दोन्ही पहिल्या फटक्यापासून दिसतात, आणि खडूंच्या फटींतून डोकावणारा कागद चित्राचाच भाग होतो. पाण्याचा हात मात्र याला लावू नये, फुगतो.

दुसरा प्रकार खरखरीत कागदांचा. यूआर्टचा कागद सँडपेपरसारखा २४० पासून ८०० पर्यंतच्या क्रमांकांत येतो, क्रमांक वाढेल तसा दाणा बारीक. शिकायला ४०० किंवा ५००. थर कितीही घ्या, कागद दमत नाही. पण तो खडूही तितकाच खातो, आणि बोटाने रंग पसरवायला गेलात तर बोटाचं सालटं निघतं. नवशिक्याला हे एका अर्थी बरंच. बोटांनी घोटायची सवय लागतच नाही.

तिसरा क्लेरफाँतेनचा पास्टेलमॅट, ३६० ग्रॅमचा जाड ताव. वरचं लेपण हाताला मखमली लागतं, खरखर नाही, तरीही भुकटी घट्ट धरून ठेवतं. थर भरपूर बसतात, भुकटी कमी झडते, पेस्टल पेन्सिलीची बारीक रेघही स्वच्छ येते. पाणी किंवा अल्कोहोलचा ब्रश चालतो, त्यामुळे पहिला थर खडूने देऊन तो ओल्या ब्रशने विरघळवता येतो. कागदाचा रंग झाकला जातो आणि वाळल्यावर वर पुन्हा कोरा खडू बसतो. गैरसोय एकच: बसलेला रंग सहज खोडता येत नाही, म्हणून रेखाटन आधी दुसऱ्या कागदावर पक्कं करून मगच उतरवावं. पहिला चांगला कागद कोणता घ्यावा असं विचाराल तर हाच. सरावाला मी-टांत, आणि मनासारखं काही जमायला लागलं की पास्टेलमॅटचं छोटं पॅड. त्यात प्रत्येक तावावर झिलईचा पातळ कागद असतो, तो फेकू नये. झालेली चित्रं त्याच्याखालीच ठेवायची.

एखादं पिवळं लिंबू काढून पाहिलं की पेटी आणि कागद दोन्हींची परीक्षा होते. राखाडी कागदावर बाह्यरेषा कडक कांडीने किंवा पेस्टल पेन्सिलीने. शिसपेन्सिल नको, तिच्या गुळगुळीत रेघेवर खडू बसत नाही. सावलीची बाजू आधी. इथे सगळे काळ्याकडे वळतात आणि लिंबू शेवाळलेलं दिसतं, कारण काळ्यावर पिवळा चढवला की हिरवा होतो. सावलीला भाजक्या मातीचा तपकिरी आडव्या कांडीने हलका फिरवावा, त्यावर मंद जांभळा. मग मधला भाग पिवळ्या मातीच्या रंगाने (यलो ओकर), सावलीत थोडा शिरू द्यावा. उजेडाकडे शुद्ध पिवळा. सगळ्यात शेवटी पांढऱ्याकडे झुकणारा फिका पिवळा, टोकाने, दाबून, एकदाच. तो ठिपका पुन्हा गिरवला की खालचा रंग वर येतो आणि चमक गेली. क्रम लक्षात ठेवायचा तो असा: कडक खडू आधी, मऊ नंतर, गडद आधी, उजळ नंतर, हात आधी हलका, दाब शेवटी.

रंग चिखल झाला तर वर आणखी खडू घासून उपयोग नाही. कडक केसांच्या कोरड्या ब्रशने तेवढा भाग झटकावा, खळगे मोकळे होतात आणि पुन्हा रंग बसतो. चिखलाचं कारण बहुधा बोटं असतात. समोरासमोरचे रंग, म्हणजे नारिंगी-निळा किंवा लाल-हिरवा, चोळून एक केले की राखाडीच होणार. ते शेजारी रेघांनी ठेवले तर झळाळतात. बोटाच्या तेलाने कागदावर गुळगुळीत डागही पडतो, त्यावर पुढचा खडू घसरतो. खडू एकमेकांना लागून मळले तर डब्यात कोरड्या तांदळात घोळवावेत, स्वच्छ होऊन निघतात.

फिक्सेटिव्हबद्दल विक्रेते सांगतात तितका भरवसा ठेवू नये. फवारा भुकटीचे कण ओले करून चिकटवतो, म्हणून रंग गडदावतो आणि सगळ्यात आधी फिके रंग मरतात. मधल्या थरावर मात्र तो कामाचा आहे. साधारण ३० सेंटिमीटरवरून, हात सतत फिरता ठेवून, एक हलका फवारा दिला की भरलेल्या कागदाला पुन्हा पकड येते. फ्रेंच चित्रकार देगा थरांच्या मध्ये असंच फिक्सेटिव्ह मारून वर पुन्हा खडू चढवत असे. शेवटचे उजेड फवाऱ्यानंतर द्यावेत आणि तसेच सोडावेत.

धूळ हा या माध्यमाचा खरा त्रास. ती फुंकू नये, बोर्ड मागून टिचकावा. ईझल उभं किंवा किंचित पुढे झुकलेलं असलं की भुकटी चित्रावर न पडता खाली येते. तिथे कागदाची पन्हळ चिकटवावी, आणि जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. कॅडमियमयुक्त रंग असतील तर हातमोजे आणि मास्क आळस न करता वापरावेत.

चौकटीत बसवताना काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये माउंट (खिडकीसारखा कापलेला पुठ्ठा) किंवा पट्टी हवीच. ॲक्रिलिकची शीट हलकी म्हणून मोह होतो, पण ती पुसताना स्थिर वीज तयार होते आणि कागदावरची भुकटी आतून शीटला जाऊन चिकटते.

पेटीला पुरवणी म्हणून सुट्या कांड्या घ्यायच्या तर नवे सुंदर रंग शोधू नयेत. आधी तीन गडद घ्यावेत, म्हणजे खोल निळा, खोल तपकिरी आणि काळपट हिरवा, तिघांचाही पुढचा आकडा ३. मग एक अगदी फिका पिवळसर आणि एक फिका निळसर, १० आकड्याचे. पांढरी कांडी सगळ्यात आधी संपते, तेव्हा तिची जोडी घ्यायला हरकत नाही.