गोबलँ, बोव्हे की ओब्यूसाँ? ‘राजेशाही’ फ्रेंच टॅपेस्ट्री निवडताना

टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र. विक्रेत्याच्या वर्णनात ‘रॉयल’ दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा: कारखाना राजाचा, की टॅपेस्ट्री राजाची? चौदाव्या लुईच्या काळात ही शाही मोहोर तीन ठिकाणच्या मागांना मिळाली: पॅरिसचा गोबलँ कारखाना (1662), बोव्हे (1664) आणि ओब्यूसाँ (1665). राजाच्या भिंतीशी तिघांचं नातं मात्र सारखं नाही.

गोबलँ हा राजाचा मंत्री कोल्बेर याने उभारलेला सरकारी कारखाना. माजी अर्थमंत्री फूकेच्या मँसी गावातल्या मागांसकट विखुरलेले विणकर त्याने एका छताखाली आणले आणि चित्रांची सूत्रं चित्रकार ल ब्रँकडे सोपवली. माल मुख्यतः राजवाड्यांसाठी आणि परदेशी दरबारांना नजराणा म्हणून जाई. त्यामुळे खरी राजेशाही मालकी इथेच सर्वाधिक संभवते, आणि खोटा दावाही इथलाच जास्त होतो. पैशाअभावी 1694 ते 1699 हा कारखाना बंद होता, म्हणजे ‘गोबलँ, 1696’ अशी चिठ्ठी लावलेली वस्तू तिथल्या तिथे संशयास्पद ठरते.

राजाच्या संग्रहाच्या जुन्या याद्यांत मालिकेचं नाव, नगांची संख्या, सोन्याची तार आहे की नाही आणि ‘ओन’ या जुन्या फ्रेंच एककात मापं मिळतात. एक ओन म्हणजे साधारण 1.19 मीटर. एकाच नमुनाचित्रावरून अनेकदा विणलं जाई, म्हणून नुसतं नाव जुळून उपयोग नाही. उंची, रुंदी, किनार आणि जरीची तार हे सगळं जुळायला हवं. माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट्सचा प्रमुख, ग्रँड मास्टर पेरेलोस, याने मागवलेली ‘इंडीज’ मालिका 1708 ते 1710 दरम्यान गोबलँमध्येच विणली गेली आणि ती आजही व्हॅलेटाच्या राजवाड्यात आहे. कारखाना शाही, इतिहास लख्ख, पण मालकी फ्रान्सच्या राजाची नव्हे. जरीच्या नगांबाबत आणखी कडक राहावं: 1797 मध्ये सोनं-चांदी काढण्यासाठी शाही टॅपेस्ट्रीज जाळल्या गेल्या, त्यामुळे असे नग कमीच उरले.

बोव्हे म्हणजे राजाच्या मदतीवर चालणारा खासगी धंदा, उमराव आणि परदेशी ग्राहकांना विकणारा. 1734 पासून चित्रकार ऊद्री तिथे प्रमुख होता आणि चित्रकार बूशेची नमुनाचित्रं याच मागांवर चढली. ‘ए.सी.सी. बोव्हे’ ही खूण तिथले संचालक शारों यांच्या कारकिर्दीची, 1754 ते 1780 ची. चित्राची मजा हवी आणि राजाचं नाव गौण असेल, तर आमचं मत बोव्हेला. ओब्यूसाँमध्ये घरोघरच्या छोट्या कार्यशाळा होत्या. पोत जाडसर, झाडापानांची दृश्यं भरपूर. 1732 च्या नियमाने तिथली कड निळी ठरली, पण कड कापता आणि बदलताही येते. इथल्या नगाला ‘राजवाड्यातून आलेली’ म्हणणाऱ्याकडे कागद नसेल, तर तो दावा सोडून द्यावा.

आता तपासणी. टांगलेल्या नगात ताणा, म्हणजे मागावर ताणलेले आधाराचे धागे, बहुधा आडवा असतो. अस्तराचा कोपरा उसवून मागची बाजू पाहावी: पिवळा रंग आधी उडत असल्याने समोर निळी पडलेली पानं मागे हिरवी दिसतात. दोन्हीकडे सारखाच भडकपणा असेल तर नंतरची दुरुस्ती किंवा 1856 नंतरचे रासायनिक रंग असू शकतात. पैठणीच्या पदरासारखाच इथेही बाणा, म्हणजे ताण्यातून फिरणारा रंगीत धागा, आपल्या रंगापुरता जाऊन परततो; मागे सरळ पट्ट्यांत लांब मोकळे धागे असले तर काम जॅकार्ड यंत्राचं. योद्ध्याच्या डाव्या हातात तलवार असली म्हणून घाबरू नये: आडव्या मागावर चित्र उलटं उतरतं. काळपट बाह्यरेषा झिजलेल्या असतातच, कारण लोहयुक्त रंगबंधक लोकर खातो. तिथली डागडुजी दोष नव्हे, पण किती भाग नव्याने विणला ते लेखी घ्यावं. सही आणि राजचिन्हाभोवती शिवण शोधावी. फ्रेंच क्रांतीत राजचिन्हं कापून काढली गेली, तर बाजारात ती जोडलीही जातात.

खरोखर राजसंग्रहातली वस्तू असेल तर ती तिथून बाहेर कशी पडली हे विचारणं भागच आहे, कारण त्या संग्रहाची वारस असलेल्या मोबिलिए नास्योनाल या सरकारी संस्थेची मालमत्ता सहसा विकता येत नाही. नाझी काळातल्या लुटीमुळे 1933 ते 1945 मधल्या मालकांची साखळीही मागावी. कागद विसाव्या शतकातल्या एखाद्या व्यापाऱ्यापासूनच सुरू होत असतील, तर पैसे विणकामाचे द्यावेत, राजाचे नव्हे.