ध्वनियंत्रणेसाठी स्वतंत्र सर्किट: वायरमनच्या कामाचा अभिप्राय

फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येत असे, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर आणि टर्नटेबलसाठी मुख्य वितरण पेटीपासून थेट स्वतंत्र सर्किट ओढण्याचे काम आम्ही एका परवानाधारक वायरमनकडून करून घेतले. तो आवाज आता जवळपास नाहीसा झाला आहे.

त्यांनी २.५ ऐवजी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सुचवली. आमच्या भारासाठी २.५ पुरेशी होती, परंतु भिंत एकदाच फोडायची असल्याने आम्ही ४ ची तार मान्य केली. एमसीबीच्या (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचच्या) निवडीत मात्र पहिला अंदाज चुकला. मोठ्या टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर चालू होताना क्षणभर फार मोठा प्रवाह खेचतो, आणि ‘बी’ प्रकारचा एमसीबी निर्धारित प्रवाहाच्या ३ ते ५ पटीलाच तत्काळ बंद होत असल्याने तो वारंवार ट्रिप होई. ५ ते १० पटीपर्यंतचा ‘सी’ प्रकार त्यांनी विनातक्रार बदलून दिला.

यापूर्वी एका तंत्रज्ञाने केवळ या सर्किटसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा खणण्याचा सल्ला दिला होता. या वायरमननी तो धोकादायक ठरवून घराच्या एकाच अर्थिंगला जोडणी केली, आणि यासाठीच मी त्यांना सर्वाधिक गुण देईन. सततची बारीक गुणगुण मात्र नव्या सर्किटनेही गेली नाही. सेट-टॉप बॉक्सची केबल काढताच ती थांबली, म्हणजे तो दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे उपकरणे एकाहून अधिक मार्गांनी अर्थिंगला जोडली गेल्याने केबलमधून वाहणाऱ्या नको त्या प्रवाहाचा होता. स्वतंत्र सर्किटने संगीताचा पोत ‘उजळतो’ असे काही जण म्हणतात, पण तसे मला काही जाणवले नाही.