‘येस मिनिस्टर’ आणि ‘येस, प्राइम मिनिस्टर’ : डीव्हीडी संच, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी व्यवहाराचं. मंत्री आणि त्याचे सचिव यांच्यावरच्या बीबीसीच्या या दोन जुन्या विनोदी मालिकांचा हा संच ब्रिटनमधला आहे, म्हणजे डिस्क रीजन २ च्या (डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी ते ठरवणारा हा क्रमांक). भारत येतो रीजन ५ मध्ये. त्यामुळे इथल्या दुकानातून घेतलेल्या साध्या प्लेअरवर त्या चालतीलच असं नाही. सगळे रीजन वाचणारा प्लेअर हवा. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण मोजून पाच वेळा. त्यानंतर तो शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो, तेव्हा उत्साहात बदलत बसू नका. चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचं, ४:३. आजचे टीव्ही ते आपणहून ताणतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलंत की मालिकेतले सचिव सर हम्फ्री पुन्हा सडपातळ होतात.

चित्राकडून फार अपेक्षा ठेवू नका. मालिका बीबीसीच्या स्टुडिओत व्हिडिओटेपवर झाली, रंग थोडे मळलेले, कडा जरा मऊ. पण यात बघण्यासारखं आहे काय? तीन माणसं, एक टेबल, फायली आणि शेरीचे प्याले. सगळा ऐवज बोलण्यात आहे, आणि आवाज स्वच्छ आहे. मागे ऐकू येणारं हसू स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांचं आहे. कुठे ते एकदम उसळतं आणि कुठे दोन-चार जणांनाच उमगतं, हे ऐकण्यातही गंमत आहे. इंग्रजी सबटायटल्स मात्र चालूच ठेवा. हम्फ्रीचं एकेक वाक्य आपल्या शासन निर्णयांतल्या वाक्यांसारखं अर्धं पान चालतं आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरायला होतो. मागे जाऊन ते पुन्हा ऐकता येतं, हा डिस्कचा सर्वांत मोठा फायदा.

ज्यांनी पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिम हॅकर (पॉल एडिंग्टन) निवडून येतो आणि ‘प्रशासकीय व्यवहार’ नावाच्या काल्पनिक खात्याचा मंत्री होतो. खात्याचे कायम सचिव सर हम्फ्री अ‍ॅपलबी (नायजेल हॉथॉर्न). दोघांच्या मध्ये मंत्र्याचा खाजगी सचिव बर्नार्ड वूली (डेरेक फोल्ड्स). पक्ष कोणता, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन. पहिला भाग तयार होता, पण १९७९ च्या निवडणुकीवर परिणाम नको म्हणून बीबीसीने थांबवला आणि १९८० च्या फेब्रुवारीत दाखवला. १९८४ च्या नाताळच्या खास भागात हॅकर पंतप्रधान होतो, पुढे १९८६ ते १९८८ दुसरी मालिका. सगळे मिळून ३८ भाग.

आता अनुभव. मी खाजगी कंपनीत हिशेब बघतो, बायको जिल्हा परिषदेत आहे. आम्ही दोघं एकाच वेळी हसतो असं क्वचित घडतं. मी हम्फ्रीच्या शब्दफेकीला हसतो. ती हसते बर्नार्ड फाईल या हातातून त्या हातात घेतो तेव्हा, किंवा बैठकीचं इतिवृत्त कसं लिहायचं यावर खल सुरू होतो तेव्हा. ‘बिग ब्रदर’ या भागात जुना मंत्री हॅकरला सांगतो की काम न करण्याच्या पाच पायऱ्या असतात: सरकार नवीन आहे, घाई नको; उद्देश चांगला, पण मार्ग हाच का; मार्ग ठीक, पण ही वेळ नव्हे; तांत्रिक, राजकीय, कायदेशीर अडचणी आल्यात; आणि शेवटी, आता निवडणुका जवळ आल्या. हे ऐकून तिने रिमोट उचलून चित्र थांबवलं आणि म्हणाली, “यांनी ‘प्रकरण विचाराधीन आहे’ एवढ्यावर भागवलं असतं, पाच पायऱ्या कशाला?” तो भाग नागरिकांच्या माहितीच्या सरकारी साठ्याबद्दल आहे. प्रत्येक कामाला आधार क्रमांक देणाऱ्या आपल्यासारख्यांना तो आज १९८० पेक्षा जास्त लागू पडेल.

एका बैठकीत चार-पाच भाग बघू नका. साचा लगेच उघडा पडतो: मंत्र्याला काहीतरी करायचंय, सचिव अडवतो, मंत्री घाबरतो किंवा कधीतरी कुरघोडी करतो, शेवटी हम्फ्री शीर्षकातले दोन शब्द उच्चारतो. रॉनी हेझलहर्स्टची बिग बेनच्या टोल्यांवर बेतलेली धून आणि जेरल्ड स्कार्फची व्यंगचित्रंही तिसऱ्यांदा सलग आली की डोक्यात जातात. आठवड्याला एखाद-दुसरा भाग, हेच प्रमाण बरं.

सावकाश बघितल्याने एक गोष्ट मात्र पार उलटी दिसायला लागली. पहिल्या फेरीत आपण मंत्र्याच्या बाजूचे असतो: बिचारा लोकांचा माणूस आणि धूर्त बाबू. दुसऱ्या फेरीत लक्षात येतं की हॅकरला धोरण नको असतं, उद्याच्या वर्तमानपत्रातली बातमी हवी असते. हम्फ्रीचं म्हणणं कितीदा तरी बरोबर असतं, फक्त त्यामागचं कारण वाईट असतं. सर्वांत जास्त वेळा मी पाहिला तो १९८२ मधला ‘द व्हिस्की प्रीस्ट’. ब्रिटिश शस्त्रं इटलीतल्या दहशतवाद्यांकडे जाताहेत हे हॅकरला कळतं, तो हादरतो. हम्फ्री शांतपणे सांगतो की सरकारचा नीतीशी संबंध नाही, कारभार चालू राहणं महत्त्वाचं. नंतर बर्नार्डला तो म्हणतो की तीस वर्षांत अकरा सरकारांची सेवा केली, प्रत्येकाच्या धोरणावर विश्वास ठेवला असता तर वेडच लागलं असतं. हे विनोदी वाक्य म्हणून येतं आणि प्रेक्षक हसतातही. पण कॅमेरा बर्नार्डवर असताना फोल्ड्सचा चेहरा बघा. मालिका खरं तर या तरुणाची आहे. तो रोज समोरच्या दोघांकडून शिकतोय, आणि शिकलेलं त्याला आवडतंय का ते त्याला ठरवता येत नाहीये. हॉथॉर्नला या भूमिकेसाठी चार वेळा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, ते रास्तच. फोल्ड्सकडे मात्र कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मालिका अतिशय आवडायची, हे सगळे कौतुकाने सांगतात. १९८४ च्या जानेवारीत एका पुरस्कार समारंभात त्यांनी एडिंग्टन आणि हॉथॉर्नला सोबत घेऊन एक प्रवेशही केला. दोघा नटांना ते मनापासून नको होतं. पंतप्रधानांनी विनोदी मालिकांच्या क्षेत्रात आपली योग्य जागा पटकावली, अशा आशयाचे आभार लिनने मानले आणि हशा झाला. पण त्यांना ती का आवडावी, हा विचार मला आता जास्त वेळ करावासा वाटतो. ‘द कम्पॅशनेट सोसायटी’ मध्ये एक चकाचक रुग्णालय आहे, पाचशे कर्मचारी आहेत, रुग्ण एकही नाही. भाग अफलातून आहे. पण असे भाग ओळीने पाहिले की सरकारने काहीही हाती घेतलं तरी त्यातून फक्त सरकारी नोकरांचं भलं होतं, असं मनात मुरत जातं. ही एक बाजू आहे, आणि ती हसत हसत पटवली जाते. दोन लेखकांपैकी अँटनी जे त्याच विचारांचे होते. सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाने हे भाग थोडं सावधपणे बघावेत.

काही गोष्टी शिळ्या झाल्यात. बायका जवळजवळ नाहीतच. हॅकरची बायको अ‍ॅनी समंजस आहे, पण तिला करायला काही दिलेलं नाही. ‘इक्वल ऑपॉर्च्युनिटीज’ नावाचा भाग आहे, तो वरच्या पदांवर स्त्रिया का नाहीत याचीच खिल्ली उडवतो आणि तिथे मालिका स्वतःलाही चिमटा काढते असं म्हणता येईल. काल्पनिक आफ्रिकी देशाचा राष्ट्राध्यक्ष येतो तो भाग मला आता अवघडल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे २००१ मध्ये स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ आली होती. फारुख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. शेख उत्तमच होते, पण कथानकं बरीचशी जशीच्या तशी उचललेली, आणि आपल्याकडे बदली नावाचं जे हत्यार मंत्र्याच्या हाती असतं ते हॅकरकडे नाही. हम्फ्रीची कोणी रातोरात गडचिरोलीला बदली करू शकत नाही, म्हणून तर तो तसा वागतो. सगळी मांडणीच त्यावर उभी आहे, ती दिल्लीत आणली की डगमगते.

संच घ्यायचा तर दोन्ही मालिका एकत्र असलेला घ्या. पंतप्रधान झाल्यावरचे भाग जरा सैल आहेत, पण सक्तीच्या लष्करी सेवेवर जनमत चाचणी कशी हवी तशी वळवायची, हे हम्फ्री बर्नार्डला प्रश्न विचारून दाखवतो तो प्रसंग त्याच भागांत आहे, आणि निवडणुकीच्या हंगामात तो पुन्हा काढून बघावा असा आहे. सुरुवात पहिल्या भागापासून केली नाही तरी चालेल. ‘द कम्पॅशनेट सोसायटी’ लावा. तो आवडला नाही तर बाकीचे ३७ ही आवडणार नाहीत.